रातांधळेपण आणि पेशींचे केस

दिवेलागण झाली कीं ज्या मुलाला उंबरठा दिसेनासा होतो, त्याच्या घरांत प्रथम दोष दिला जातो तो आहाराला. हा समज अगदींच निराधार नाहीं. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानें रातांधळेपण येतें, आणि तें जीवनसत्त्व वेळीं पोटांत गेलें तर बहुधा जातेंही. परंतु ज्या रातांधळेपणावर माशाच्या तेलाची वा गाजराची मात्रा चालत नाहीं, त्याचा इतिहास मी आज सांगणार आहें.

त्याचा आरंभ १८५१ सालापासून धरावा लागतो. त्या वर्षीं हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र जगापुढें मांडलें. तोंवर जिवंत माणसाच्या बाहुलीमागें वैद्यांना काळोखच दिसे. आतां प्रकाश टिपणारा मागचा पडदा, म्हणजे नेत्रपटल, उघड दिसूं लागलें. लौकरच कांहीं रातांधळ्या रोग्यांच्या नेत्रपटलावर हाडाच्या बारीक कपच्यांसारखे काळे डाग आढळले. डच वैद्य डाँडर्स यांनीं या विकाराला ‘रेटिनायटिस पिग्मेंटोझा’ असें नांव दिलें. नांवांत दाह सुचविला आहे. वस्तुतः तेथें मूळ गोष्ट दाहाची नसून पेशींच्या झिजेची आहे. पण रोगांचीं नांवें एकदां रूढ झालीं कीं सहसा बदलत नाहींत.

१८६६ सालीं लंडन येथील लॉरेन्स आणि मून या दोन नेत्रवैद्यांनीं एकाच घरांतील चार भावंडांची हकीकत प्रसिद्ध केली. चौघांचेंही नेत्रपटल झिजलेलें होतें, आणि शरीराची वाढही अपुरी होती. पुढें १९२० सालीं पॅरिस येथें झॉर्झ बार्दे यांनीं आपल्या प्रबंधांत तसाच डोळ्याचा विकार, लठ्ठपणा आणि हातापायांस जादा बोट हीं तिन्ही लक्षणें एकत्र वर्णिलीं. १९२२ सालीं प्राग येथील आर्टूर बीडल यांनीं त्यांत भर घातली. मूत्रपिंडांचा बिघाड हा या रोगाचा खरा जीवघेणा भाग आहे, हें त्यानंतर बऱ्याच काळानें ध्यानांत आलें. आज या रोगास बार्दे-बीडल रोग म्हणतात.

आतां पाहा, डोळा कोठें, बोट कोठें आणि मूत्रपिंड कोठें! या सर्वांना बांधणारा धागा कोणता? पुष्कळ वर्षें वैद्यांचा संशय मेंदूच्या तळाशीं असलेल्या भागावर होता. त्यानें लठ्ठपणा कदाचित् समजला असता. पण आईच्या पोटांतच फुटणाऱ्या सहाव्या बोटाचें काय?

धागा सांपडला तो एका उपेक्षित केसांत. सतराव्या शतकांत डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक यांनीं पाण्याच्या थेंबांतील जीव ज्यांच्या योगानें पोहतात असे केस पाहिले होते. त्यांना सिलिया म्हणतात. आपल्या श्वासनलिकेंतील असेच केस कफ वर लोटतात. १८९८ सालीं मात्र झिमरमान यांनीं मूत्रपिंडाच्या नळ्यांतील पेशींवर एकेकटा उभा असलेला केस दाखविला. हा वल्हें मारणारा नव्हता. तो कांहींतरी जाणून घेण्याचें साधन असावा, असा त्यांनीं तर्क केला. पण पुढील कित्येक दशकें बहुतेक पंडितांनीं त्याला माकडहाडासारखा निरुपयोगी अवशेषच मानलें.

१९५६ सालीं अर्जेंटिनाचे दे रोबर्तिस यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें दाखविलें कीं, अंधुक प्रकाशांत पाहणाऱ्या शलाकापेशीचें बाहेरचें टोक हें असल्या केसापासूनच बनतें. त्या टोकांत शेंकडों चकत्या चवडीसारख्या रचलेल्या असतात, आणि प्रकाश टिपणारें प्रथिन त्यांत असतें. प्रथिनांचा कारखाना मात्र पेशीच्या आंतल्या भागांत. दोहोंना जोडणारा सांधा म्हणजे केसाचें बूड. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारें तीन हजाराव्या भागाइतकी. शिवाय या चकत्या कायमच्या नसतात. १९६७ सालीं रिचर्ड यंग यांनीं किरणोत्सर्गी द्रव्याची खूण करून सिद्ध केलें कीं, तळाशीं नव्या चकत्या येतात, टोकाच्या झडतात, आणि उंदरांत सुमारें दहा दिवसांत सारी चवड बदलते.

एखादें डोंगरावरचें गांव एकाच चिंचोळ्या घाटानें पोसलें जावें, तशी ही स्थिति आहे. रोज लागणारा सर्व माल त्याच वाटेनें वर जातो, आणि नको असलेला खालीं येतो. घाट बंद पडला तर वर उपासमार, खालीं मालाचे ढीग; पेशी अखेर मरते, आणि माणसाच्या डोळ्यांत तिच्या जागीं दुसरी येत नाहीं. म्हणूनच आधीं रात्रीची दृष्टि जाते, मग बाजूचें दिसेनासें होतें, आणि पुढें दिवसाची दृष्टि देणाऱ्या शंकूपेशीही झिजतात.

घाटांतील ही रहदारी प्रथम दिसली ती डोळ्यांत नव्हे, तर क्लॅमिडोमोनस नांवाच्या डबक्यांतील हिरव्या शैवालांत. १९९३ सालीं येल विद्यापीठांत रोझेनबाउम यांच्या प्रयोगशाळेंत त्याच्या केसांतून कण वरखालीं धांवतांना आढळले. २००० सालीं कळलें कीं, त्या वाहतुकीचें एक जनुक आणि मूत्रपिंडांत गळवांसारख्या पिशव्या होणाऱ्या एका उंदराचें बिघडलेलें जनुक हें एकच आहे. २००२ सालीं त्याच उंदराचें नेत्रपटलही झिजत असल्याचें दिसलें. आणि २००३ सालीं बार्दे-बीडल रोगाचीं जनुकेंही याच केसाच्या बुडाशीं काम करतात, असा पुरावा पुढें आला. डबक्यांतील शेवाळावर आयुष्य घालविणाऱ्यांना ‘याचा उपयोग काय?’ असें विचारणाऱ्यांची मला गंमत वाटते.

आतां थोडें घरचें बोलतों. या रोगांत बहुधा आईबापांपैकीं प्रत्येकाजवळ जनुकाची एक प्रत चांगली व एक बिघडलेली असते. दोघांचे डोळे ठणठणीत. दोन्ही बिघडलेल्या प्रती ज्या अपत्याकडे येतात तें आजारी होतें, आणि हा संभव प्रत्येक खेपेस चारांत एक असतो. तेव्हां ‘आमच्या घराण्यांत असें कोणी नव्हतें’ म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासरानें समजावें कीं, दोष दोन्ही घरांतून सारखाच आला आहे. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे कित्येक जातींत आहे. तेथें एकाच आजाआजींची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनीं येण्याचा धोका वाढतो. पत्रिका जुळविणाऱ्यांनीं हेंही पाहावें, असें माझें मत आहे.

सहावें बोट पुष्कळ निरोगी माणसांनाही असतें. त्यानें भिण्याचें कारण नाहीं. पण तें बोट आणि रातांधळेपण एकाच मुलांत दिसलें, तर डोळ्यांबरोबर मूत्रपिंडांचीही तपासणी करवावी. डोळ्याची झीज थांबविणारें औषध या रोगांत अद्याप हातीं आलेलें नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंत सेटमेलॅनोटाइड या औषधाला मान्यता मिळाली, तें या रोग्यांच्या लठ्ठपणासाठीं. मेंदूच्या तळाशीं भूक जोखणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांवरही हा एकटा केस असतो.