महाग रॅचेट, लोखंडी नांगर आणि दुरुस्तीचा प्रश्न

आजचा विषय आहे हत्यार. म्हणजे मेकॅनिकचं हत्यार, रॅचेट.

गोटी लावायचा तो पाना तुम्ही गॅरेजमध्ये पाहिलाच असेल. एका बाजूला फिरवला की बोल्ट आवळतो, उलटा आणला की नुसता कट-कट वाजतो. अशा पान्याचं पेटंट अमेरिकेत 1863 साली जे. जे. रिचर्डसन यांनी घेतलं. आज अमरावतीच्या दुकानात साधं रॅचेट काही शे रुपयांत मिळतं आणि परदेशी प्रीमियम रॅचेटला काही हजार मोजावे लागतात. मग एवढे पैसे कशाचे?

गणित सोपं आहे. आत 36 दाते असतील तर एक कट व्हायला दांडा 10 अंश फिरवावा लागतो. 72 दाते असतील तर 5 अंशांत भागतं. आता कारच्या इंजिनमागे हात जेमतेम शिरतो, दांडा 7 अंशच हलतो असं समजा. तिथं 36 दात्यांचं रॅचेट हळू चालतं असं नाही, ते चालतच नाही. 72 वालं चालतं. म्हणजे उपयोग खरा आहे, ती नुसती चमक नाही.

तरी आपल्याकडचा मेकॅनिक लगेच खिशात हात घालत नाही. तो विचारतो, "भाऊ, तुटलं त कोठी नेऊ?"

हा प्रश्न जुना आहे. बेळगावात सायकलचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला. नांगर चांगला होता, पण विकायला त्यांना दोन वर्षं झगडावं लागलं. लोखंडानं जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणत. ही गोष्ट आपण नेहमी 'बघा किती अंधश्रद्धा' म्हणून सांगतो. मला ती अर्धीच वाटते. लाकडी नांगर मोडला तर गावातच सुतार होता, फाळ बोथट झाला तर लोहार होता. दोघंही बलुत्यावर काम करायचे, रोख पैसा लागत नव्हता. लोखंडी नांगराचा भाग तुटला तर? तो कारखान्यातून येणार, तोही रोख देऊन. तोवर पेरणी थांबणार का? मला वाटतं, विषाच्या भीतीमागे हाही हिशोब असणार. पुढे नांगर चालला, 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण त्या दोन वर्षांतला शेतकरी वेडा नव्हता, एवढंच माझं म्हणणं.

आता अमेरिकेत बघा. 1920 मध्ये जोसेफ जॉन्सन यांनी 5 दांडे आणि 10 गोट्यांचा संच काढला. कोणतीही गोटी कोणत्याही दांड्याला बसायची, म्हणजे पाचांत पन्नास पान्यांचं काम. हीच पुढे स्नॅप-ऑन कंपनी झाली. तिची हत्यारं महाग. पण तिचे विक्रेते व्हॅन भरून ठरल्या दिवशी गॅरेजच्या दारात येऊ लागले. रॅचेट खराब झालं तर तिथंच दुरुस्त नाहीतर बदलून, आणि पैसे हप्त्यानं. म्हणजे तिथला मेकॅनिक पान्यासोबत ती व्हॅनही विकत घेतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'सपोर्ट' म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो.

बडनेरा रोडला अशी व्हॅन येत नाही. मग तेच रॅचेट इथं मागवलं तर किंमत पूर्ण आणि माल अर्धा.

म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, अडचणीतला बोल्ट आठवड्यात किती वेळा येतो? दुचाकीचं इंजिन बरंचसं उघडं असतं, तिथं नाशिकच्या तापडियासारखं देशी हत्यार पुरतं. कारचं काम रोज असेल तर बारीक दात्यांचं रॅचेट एका दिवाळीच्या सीझनमध्येही पैसे वसूल करू शकतं. दोन, आतल्या दात्यांचं रिपेअर किट अकोल्या-अमरावतीत मिळतं का? मिळत असेल तर हजार जास्त द्या. नसेल तर दुकानदारालाच विचारा, तुटलं त कोठी नेऊ? त्याच्याकडे उत्तर नसेल, तर ते रॅचेट सध्या काचेतच बरं दिसतं.

भेटू पुढच्या भागात!