मुखसौंदर्याचा निर्णय आणि उच्चाराची मुभा

मुखसौंदर्याचा निर्णय स्त्री आणि पुरुष एकाच रीतीने करतात काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत प्रामुख्याने मानसशास्त्राने हाताळला आहे. डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ संस्कृतींतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीवरून असे मांडले की, जोडीदार निवडताना पुरुष रूपाला स्त्रियांपेक्षा अधिक महत्त्व देतात. २००० मध्ये ज्यूडिथ लँगलॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून, कोणता चेहरा सुंदर याविषयी माणसांचे बरेच एकमत असते, असे दाखविले. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. पहिला निर्णयाला दिलेल्या वजनाविषयी आहे, दुसरा प्रत्यक्ष निर्णयाविषयी. मात्र हा निर्णय उघडपणे उच्चारण्याची मुभा कोणाला, कोणाच्या चेहऱ्याबाबत आणि कोणत्या निमित्ताने होती, हा तिसरा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याची साक्ष वाङ्मयातच शोधावी लागते.

अशा शोधासाठी जुन्या परभणी जिल्ह्याचा परिसर सोयीचा ठरतो. १ मे १९९९ रोजी त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेली नरसी आणि विसोबा खेचरांशी निगडित असलेले औंढा नागनाथ आज हिंगोलीत येतात. जनाबाईंचे गंगाखेड परभणीत राहिले. शिल्प, संतकाव्य आणि जात्यावरची ओवी अशी तिन्ही साधने येथे परस्परांजवळ आढळतात.

शिल्पाची साक्ष सर्वांत स्पष्ट आहे. औंढ्याच्या मंदिराच्या बाह्यभिंतीवर देवदेवतांबरोबर स्त्रीशिल्पेही आहेत. ती ज्या परंपरेतून येतात, तिच्यात मुख हे मापाचे एकक आहे आणि अवयवांची उपमाने ठरलेली आहेत : भुवई धनुष्यासारखी, डोळा मत्स्यासारखा वा कमळाच्या पाकळीसारखा, नाक तिळाच्या फुलासारखे. येथे कोणा एका पुरुषाची आवड बोलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष कारागिरांनी आणि शास्त्रकारांनी घडविलेला संकेत बोलतो. हा निर्णय पाहण्यापूर्वीच झालेला असतो.

नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (१२९२) याच संकेताचा काव्यातील विस्तार होय. त्यातील रुक्मिणीच्या रूपाचे वर्णन विद्वत्कवीच्या तयारीने, अवयवागणिक पुढे सरकते. याच कथेवर त्याच्या थोडे आधी महदाइसेने ‘धवळे’ रचले होते. रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या निमित्ताने ते गायिले गेले, अशी महानुभाव परंपरा आहे. एकच वधू, एकच वर, एकच शतक. तरी दृष्टीची दिशा बदलते. धवळ्यांत केंद्रस्थानी वधूचे रूप नसून तिची वराविषयीची ओढ आहे. स्त्रीने पुरुषाच्या रूपावर बोलणे येथे शक्य झाले, कारण लग्नगीताची चौकट होती आणि वर कृष्ण होता. हा केवळ काव्यप्रकाराचा भेद आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु काव्यप्रकार ही सुद्धा समाजाने दिलेली परवानगीच असते.

ही परवानगी पुरुषालाही सर्वत्र नव्हती. पुरुषाचे मुख मोहक आहे असे प्रेमिकाच्या उत्कटतेने म्हणावयाचे झाल्यास पुरुष कवी स्त्रीचा आवाज उसना घेतो. ‘गाथासप्तशती’पासून ही रीत दिसते : तेथे पुरुषाकडे पाहणाऱ्या अनेक स्त्रिया बोलतात, पण कवी म्हणून नोंदलेली नावे बहुतांशी पुरुषांची आहेत. ज्ञानदेवांच्या विरहिणी आणि गौळणी याच वाटेने जातात. नामदेवांनी आणखी एक वाट काढली. विठ्ठलाच्या मुखदर्शनाची त्यांची तळमळ पुष्कळदा आईसाठी व्याकुळ झालेल्या लेकराची आहे. तेथे चेहरा तोलला जात नाही. तो दिसणे हीच तृप्ती असते.

त्याच घरात, त्याच दैवताकडे पाहणाऱ्या जनाबाईंची नजर निराळी आहे. ‘नामयाची जनी’ या मुद्रेने आलेल्या सर्व रचना एकाच व्यक्तीच्या मानता येत नाहीत. तथापि त्यांतून घडलेली प्रतिमा निःसंदिग्ध आहे. हा विठ्ठल दळू लागतो, शेण्या वेचतो, जनीचे केस धुतो, डोक्यातील उवा पाहतो. त्याच्या मुखापेक्षा त्याचे हात अधिक बोलतात. राबणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने रूपाची परीक्षा कष्टातील सोबतीने होते, असा निर्णय या रचनांत अध्याहृत आहे.

ओवीने हा धागा पुढे नेला. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. मराठवाड्यातील बायांचाही त्यांत वाटा आहे. या ओव्यांत पुरुषाच्या रूपाची स्तुती मनमोकळी आहे, पण ती भावाची आणि लेकाची. पतीचे रूप क्वचित, आणि तेही कुंकवाच्या आडून येते. रुक्मिणी जनीवर रुसते, या ओव्यांतील आवडत्या प्रसंगात जनीचा चेहरा सहसा वर्णिला जात नाही. राणीचे रूप निर्विवाद आहे, तरी देव वाकळ पांघरणाऱ्या दासीकडे जातो. जात्यावर बसलेल्या बाईला या कथेची गोडी का वाटावी, हे सांगावयास नको.

याचा अर्थ स्त्रियांची दृष्टी पुरुषी मापदंडापासून मुक्त होती, असा नव्हे. सून पाहावयास गेलेली सासू नाक आणि रंग त्याच काट्यावर तोलते, आणि गोऱ्या रंगाचे कौतुक ओवीतही आहे. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या चेहऱ्याचा निकाल तिच्यासमोर दिला जाई. मुलाच्या चेहऱ्याविषयी तिला काय वाटले, हे बहुधा कोणी विचारीत नसे. निर्णय दोन्हीकडे होत होता, नोंद एकाचीच होत होती.

म्हणून स्त्रीपुरुषांच्या सौंदर्यनिर्णयातील भेद केवळ आवडीचा म्हणून मोजणे अपुरे आहे. पुरुषाने स्त्रीमुखावर दिलेला निर्णय शास्त्र झाला, दगडात कोरला गेला. स्त्रीने पुरुषमुखावर दिलेला निर्णय देव, भाऊ आणि लेक यांच्या आडोशाने पहाटेच्या घरघरीत उच्चारला गेला. तो आडोसा वाचता येणे, हे मराठी समीक्षेचे काम आहे. एरवी शांतता हीच अनास्था समजली जाण्याचा धोका राहतो.