श्रीरंगपट्टण येथील ख्रिस्ती बंदिवान : निष्ठेच्या प्रश्नाचा विचार

टिपू सुलतानाच्या कारकीर्दीचा विचार करतांना मराठी वाचकांचें लक्ष साहजिकच लढाया व तहनामे यांकडे जातें. त्या धामधुमींत सांपडलेल्या रयतेची हकीकत मागें राहते. कानडा प्रांतांतील ख्रिस्ती समाजाची हकीकत अशांपैकींच होय. हा समाज बहुतांशीं गोमांतकांतून तिकडे गेलेला व कोंकणी बोलणारा. फादर स्टीफन्सचें मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण त्याच्या कुटुंबांतून वाचलें जात असे. तेव्हां तो आपणांस परका नव्हे.

इंग्रजांशीं चाललेल्या युद्धांत या लोकांनीं शत्रूस साहाय्य केलें असा टिपूचा संशय होता. १७८४ च्या आरंभीं, युद्ध संपत आलें असतां, त्यानें या समाजास सरसकट धरण्याचा हुकूम दिला. देवळें पाडण्यांत आलीं, जमिनी जप्त झाल्या, पाद्र्यांस हद्दपार करण्यांत आलें, आणि माणसांस घाट चढवून श्रीरंगपट्टणास नेण्यांत आलें. वाटेंत पुष्कळ मेलीं. धरलेल्यांची संख्या तेथेंच कैदेंत असलेला जेम्स स्करी ३०,००० सांगतो, तर फ्रेंच मिशनरी आबे द्युबुआ ६०,००० हून अधिक सांगतो. पुरुषांची सुंता करण्यांत आली व तरुणांस पलटणींत घालण्यांत आलें. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, म्हणजे सुमारें पंधरा वर्षें, ही स्थिति टिकली.

आतां प्रश्न असा कीं, हे लोक आपल्या धर्माशीं एकनिष्ठ राहिले किंवा नाहीं? द्युबुआचा अभिप्राय कठोर आहे. इतक्या हजारांत धर्मासाठीं मरण पत्करणारा एकही निघाला नाहीं, असें तो १८२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रांत म्हणतो. परंतु हिंदुस्थानांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार होणें शक्य नाहीं, हें सिद्ध करण्यासाठीं तीं पत्रें लिहिलेलीं आहेत, हें विसरतां कामा नये. शिवाय तोच साक्षीदार पुढें सांगतो कीं, टिपूच्या मृत्यूनंतर यांतील बहुतेक लोक स्वधर्मांत परत आले. आपला धर्मत्याग केवळ बाह्य होता, अंतःकरणांत श्रद्धा कायम होती, असें त्यांचें म्हणणें होतें. सुमारें २,००० माणसें त्याच्या स्वतःच्या पाहण्यांत आलीं, आणि २०,००० च्या आसपास मंगळुराकडे परतून त्यांनीं आपलीं देवळें पुन्हां उभारलीं. पहिलें विधान घ्यावयाचें आणि दुसरें टाकावयाचें, हा न्याय नव्हे.

राज्य इंग्रजांचें झालें म्हणून हे लोक परतले, असा आक्षेप येण्याजोगा आहे. परंतु कंपनी सरकार प्रॉटेस्टंट पंथाचें. १८१३ पर्यंत तें आपल्या मुलखांत मिशनऱ्यांस उत्तेजन देत नसे. रोमन पंथांत परत गेल्यानें सरकारची विशेष मर्जी संपादण्यासारखें कांहीं नव्हतें. उलट पापाची कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावें लागे, आणि उद्ध्वस्त गांवीं नव्यानें संसार मांडावा लागे.

दोषाचा विचार आपल्याकडेही परिस्थिति पाहूनच केला आहे. शांतिपर्वांत आपद्धर्माचें स्वतंत्र प्रकरण आहे, तें याचसाठीं. ख्रिस्ती चर्चमध्येंही हा प्रश्न जुना आहे. इ. स. २५० च्या सुमारास रोमन बादशहा डेशियस याच्या छळांत ज्यांनीं देवतांपुढें बलि दिले, त्यांस प्रायश्चित्त देऊन परत घ्यावें, असा निर्णय कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या पुढाकारानें झाला. हुतात्म्यांचा मान अबाधित राहिला आणि पडलेल्यांस दारही बंद झालें नाहीं.

पाद्री नसतां ही श्रद्धा टिकली कशी? याचा एक धागा ख्रिस्तपुराणाच्या इतिहासांत सांपडतो. हा ग्रंथ १६१६ सालीं गोमांतकांतील रायतूर येथें छापला गेला. त्याच्या आरंभींच्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं मंगळुरास निघालेली आवृत्ति हस्तलिखितांवरून सिद्ध करावी लागली. म्हणजे छापील पोथ्या नाहींशा झाल्यावर लोकांनीं त्या हातानें लिहून जतन केल्या. ओवी पाठ करण्यास देऊळ लागत नाहीं कीं पुरोहित लागत नाहीं.

निष्ठा हा शब्द ‘स्था’ धातूपासून झाला आहे. टिकून राहणें हा त्याचा मूलार्थ. १७८४ च्या भयंकर दिवसांत किती माणसें मेलीं, एवढ्यावरून या समाजाची निष्ठा मोजूं नये. १७९९ नंतर किती परतलीं, तेंही जमेस धरावें. द्युबुआनें दिलेल्या आकड्यांवरूनच त्याचा निकाल दुरुस्त करणें प्राप्त आहे, असें आमचें मत आहे.