भीती मरणाची की परवशतेची?

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा रोगी ओळखला, आणि पुढे लक्षावधी लोक शहर सोडून गेले. परंतु या भयाचे मूळ केवळ मृत्यूत शोधणे अपुरे होय. ज्याने जीव वाचवावा त्या आर्थर रोडच्या इस्पितळावरच ऑक्टोबरात गिरणीकामगार चालून गेले! घराची झडती, आप्तांपासून बळेच ताटातूट, आपल्या देहावरही आपली सत्ता उरली नाही ही जाणीव, हे सारे त्यांना मरणाहून दुःसह वाटले. उलट १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे त्याच शहरातील हजारो लोकांनी तीसाठी आपण होऊन हात पुढे केला. सक्तीने भय जात नाही, दडून मात्र बसते.