असीलपासून ब्रॉयलरपर्यंत

रिद्धपूरसारख्या महानुभावांच्या तीर्थस्थानी कोंबडीच्या मांसाचा इतिहास सांगावा, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या प्राण्याचे शरीर मनुष्याने अवघ्या काही दशकांत आपल्या सोयीप्रमाणे बदलून टाकले, त्याचा विचार अहिंसेची परंपरा सांगणाऱ्या गावाने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

बाजारातील पांढरी कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जाते ती इंजेक्शनांमुळे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग निराळेच सांगतो. १९५७ व १९७८ सालांपासून निवड न करता राखलेले दोन वंश आणि २००५ सालचा व्यापारी वंश असे तिन्ही एकाच दाण्यावर वाढविण्यात आले. छप्पन्न दिवसांनी सरासरी वजने भरली अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम! दाणा एक, निगा एक. मग हा फरक रक्ताचा, म्हणजे जनुकांचा, असेच म्हणावे लागते.

हे रक्त आले कोठून? त्याचा एक ओघ आपल्याच देशातून गेलेला आहे. झुंजीसाठी पाळला जाणारा भारतीय असील कोंबडा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पोचला. तेथे त्याच्या संकरातून रुंद छातीची जी जात निघाली, तिला नावच पडले ‘इंडियन गेम’. हीच पुढे अमेरिकेत ‘कॉर्निश’ म्हणून प्रसिद्धीस आली. १९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या स्पर्धेची अंतिम फेरी झाली, तीत कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांचा संकर पहिला आला आणि मांसल कोंबडीच्या धंद्याला वळण लागले.

१९०२ साली बेटसन याने कोंबड्याच्या तुऱ्यावरून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखविले होते. परंतु वजन हे तुऱ्यासारखे एकदोन जनुकांचे काम नव्हे. तेथे असंख्य जनुके थोडाथोडा हातभार लावतात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वजन करून वरचे पक्षी निवडावे लागतात. नुसत्या वाढीची निवड केली, की भूक वाढते आणि चरबीही साठते. चरबीदेखील वंशातूनच येते. फ्रान्समध्ये निवडीच्या बळावर स्थूल आणि कृश अशा दोन शाखा वेगळ्या करून दाखविण्यात आल्या. तेव्हा पैदासकार छातीचे मांस आणि दाण्याचा उतारा यांवरही नजर ठेवू लागले.

महाराष्ट्रात ही विद्या रुजविण्यात डॉ. बी. व्ही. राव यांचा मोठा वाटा आहे. १९७१ साली त्यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली. तिचा कारभार पुण्याहून चालतो. अमेरिकेतील कॉब वंशाची ‘वेनकॉब’ कोंबडी याच समूहाने देशभर पोचविली. असीलचे रक्त असे फिरून घरी आले, पण किल्ली मात्र पैदासकाराच्या हाती राहिली. पिल्ले चार वंशांच्या संकराची असल्याने त्यांच्या पोटी तसेच गुण उतरत नाहीत. संकरित कपाशीचे बी दरसाल विकत घेणाऱ्या वऱ्हाडच्या शेतकऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको.

आणि पक्ष्याचे काय? छाती वाढली त्या प्रमाणात पाय आणि हृदय बळकट झाले नाहीत. पैदाशीच्या कोंबड्यांना तर मोजून-मापून दाणा द्यावा लागतो. पोटभर दिला तर त्या अति लठ्ठ होतात, अंडी नीट देत नाहीत. म्हणजे भुकेसाठी निवडलेला जीव आपण उपाशी ठेवतो!

लीळाचरित्रात चक्रधरांनी शरण आलेल्या सशाला शिकाऱ्यांपासून वाचविल्याची लीळा आहे. कोंबडी खाणाऱ्याने उद्यापासून ती सोडावी, असा माझा आग्रह नाही. परंतु जी निवड वजनासाठी चालते, तीच पायांच्या बळकटीसाठीही चालू शकते. पैदासकार अलीकडे तीही करू लागले आहेत. काय निवडावे हे विज्ञान ठरवीत नाही. ते ठरवितो गिऱ्हाईक, म्हणजे आपणच.