पाण्यातील जैवविघटनशीलता

पाण्यात मिसळलेल्या रसायनाचे सूक्ष्मजीव किती लवकर विघटन करतात, यावरून त्याची जैवविघटनशीलता ठरते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या ३०१ क्रमांकाच्या चाचण्यांत रसायन हेच जंतूंचे मुख्य अन्न असते. २८ दिवसांच्या आत सैद्धान्तिक मागणीच्या ६० टक्के प्राणवायू खर्ची पडला, किंवा विरघळलेला सेंद्रिय कार्बन ७० टक्क्यांनी घटला, तर ते ‘सहज विघटनशील’.

आमलीसारख्या औद्योगिक भागात हा भेद विशेष महत्त्वाचा. भारतात सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी २७ अंश सेल्सिअसला तीनच दिवस मोजतात. ती कमी भरली म्हणजे पाणी निर्मळ, असे नव्हे. जंतूंना न पचणारी रंगद्रव्ये त्या आकड्यात उमटतच नाहीत. रासायनिक प्राणवायू मागणी शेजारी मांडली, की ती बहुधा उघडी पडतात.