प्रोस्टेटची बायोप्सी : वेदनेला उत्तर आहे

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांच्या रक्ततपासणीत ‘पीएसए’चे प्रमाण वाढलेले आढळले, की मूत्रविकारतज्ज्ञ अनेकदा प्रोस्टेट ग्रंथीची बायोप्सी, म्हणजेच तुकडा तपासणी, करण्याचा सल्ला देतात. कर्करोगाच्या शंकेइतकीच भीती मग या तपासणीची वाटू लागते. तपासणी शरीराच्या अत्यंत खासगी भागातून होते. तिच्याविषयी घरातही मोकळेपणाने बोलले जात नाही आणि ओळखीच्या कुणी सांगितलेला वाईट अनुभव मात्र मनात घर करून राहतो. परिणामी काही रुग्ण तपासणी महिनोन्‌महिने लांबवितात, तर काही टाळतातच. वास्तविक या तपासणीतील वेदना नेमकी कोठून उद्भवते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे आणि ती बव्हंशी कमी करण्याची साधनेही उपलब्ध आहेत.

बायोप्सी म्हणजे काय?

प्रोस्टेट किंवा पुरस्थ ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असते. निरोगी तरुणात तिचा आकार अक्रोडाएवढा असतो. गुदाशयाची पुढची भिंत तिला चिकटून असल्याने गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब आत सरकविल्यास ग्रंथी पडद्यावर स्पष्ट दिसते. प्रोबला जोडलेल्या मार्गदर्शिकेतून बारीक, पोकळ सुई ग्रंथीत शिरते आणि स्प्रिंगवर चालणाऱ्या ‘बायोप्सी गन’च्या साह्याने क्षणार्धात काडीसारखा बारीक तुकडा घेऊन बाहेर येते. अमेरिकेतील हॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ग्रंथीच्या ठरावीक सहा भागांतून तुकडे घेण्याची पद्धत मांडली. पुढे ही संख्या वाढत जाऊन आज साधारणपणे १० ते १२ तुकडे घेतले जातात. संपूर्ण प्रक्रिया बहुधा १५ ते २० मिनिटांत आटोपते.

वेदनेची तीन ठिकाणे

पहिली वेदना प्रोब आत सरकविताना होते. गुदद्वाराचे स्नायू ताणले जातात आणि तेथील त्वचा अतिशय संवेदनक्षम असते. मूळव्याध किंवा भगेंद्र, विशेषतः गुदद्वाराला चीर पडलेली असल्यास, हा त्रास अधिक होतो. दुसरी वेदना सुई ग्रंथीच्या आवरणातून आत शिरताना होते, कारण ग्रंथीचे मज्जातंतू या आवरणालगत पसरलेले असतात. तिसरी वेदना मनाची. अनपेक्षितपणे झालेला गनचा ‘खट्ट’ असा आवाज, उघडे पडल्याची लाज आणि निदानाची धास्ती यांमुळे रुग्ण अंग आखडून घेतो. स्नायू आवळले गेले, की प्रोबचा त्रास दुप्पट जाणवतो.

या तिन्ही वेदनांवरील उपाय वेगवेगळे आहेत. एका उपायाने तिन्ही शमतील अशी अपेक्षा ठेवल्यास निराशा पदरी येते.

जेली आणि इंजेक्शन

रुग्णालयांत ‘झायलोकेन जेली’ म्हणून परिचित असलेले लिग्नोकेनयुक्त बधिरक गुदद्वारात लावणे, हा सर्वांत सोपा उपाय. त्यामुळे प्रोबचा त्रास कमी होतो. मात्र जेली लावून लगेच प्रोब सरकविल्यास तिचा फायदा मिळत नाही. काही मिनिटे थांबावे लागते. शिवाय जेलीचा परिणाम पृष्ठभागापुरताच असतो. ग्रंथीच्या आवरणापर्यंत तो पुरेसा पोहोचत नाही. त्यामुळे केवळ जेलीवर १२ तुकडे घेतल्यास रुग्णाला सुईची वेदना जाणवतेच.

सुईच्या वेदनेवर खरा उतारा म्हणजे ग्रंथीभोवतीचे मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन. या पद्धतीची उपयुक्तता दाखविणारा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरच्या अनेक चाचण्यांनी तिला पुष्टी दिली. सोनोग्राफीच्या पडद्यावर ग्रंथी आणि वीर्यकोश यांच्या सांध्यापाशी चरबीचा पांढरा त्रिकोण दिसतो. शिखरासारख्या आकारामुळे डॉक्टर त्याला ‘माउंट एव्हरेस्टची खूण’ म्हणतात. लांब, बारीक सुईने दोन्ही बाजूंना या जागी मिळून सुमारे १० मिलिलिटर लिग्नोकेन सोडले जाते. पाच ते दहा मिनिटांनी तुकडे घेण्यास सुरुवात होते.

‘वेदना टाळण्यासाठी आणखी एक सुई कशाला?’ असा प्रश्न रुग्णाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शरीररचनेत आहे. गुदद्वारापासून दोन-तीन सेंटिमीटर आत एक सीमारेषा असते. तिच्या खालचा भाग त्वचेसारखा संवेदनक्षम असतो. वरच्या भागात सुईची टोच जवळपास जाणवत नाही. बधिरकाचे इंजेक्शन या वरच्या भागातून दिले जाते, त्यामुळे ते फारसे दुखत नाही. याच कारणाने ग्रंथीच्या अगदी खालच्या टोकातून तुकडा घेताना अधिक दुखू शकते. रुग्णाने तसे सांगितल्यास डॉक्टर सुईची दिशा किंचित बदलू शकतात.

जेली आणि इंजेक्शन या दोन्ही उपायांची जोड दिल्यास प्रोब व सुई या दोहोंचा त्रास आटोक्यात राहतो. यापूर्वी दाताच्या उपचारावेळी किंवा अन्यत्र लिग्नोकेनची ॲलर्जी झाली असल्यास ते आधी सांगणे आवश्यक आहे. इंजेक्शननंतर कानात आवाज येणे, तोंडात धातूसारखी चव येणे किंवा चक्कर येणे असे काही जाणवल्यास लगेच बोलावे.

संपूर्ण भूल कोणाला?

गुदद्वाराला चीर असलेले, पूर्वीच्या बायोप्सीत असह्य वेदना सोसलेले किंवा अतिशय घाबरलेले रुग्ण यांच्यासाठी भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली गुंगी आणणारे औषध अथवा अल्पकाळाची भूल देता येते. त्यासाठी उपाशी राहावे लागते, खर्च वाढतो आणि हृदय किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास आधी तपासण्या कराव्या लागतात. सर्वांनाच त्याची गरज नसते. पण हा पर्याय आहे, हे प्रत्येकाला माहीत असावे.

मार्ग बदलला तर?

अलीकडच्या काळात गुदाशयाऐवजी वृषणकोश व गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घालण्याची पद्धत रूढ होत आहे. सुई गुदाशयाच्या भिंतीतून जात नसल्याने जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. अनेक प्रतिजैविकांना जंतू दाद देत नसलेल्या आपल्या देशात ही जमेची बाजू मोठी आहे. मात्र येथील त्वचा संवेदनक्षम असल्याने स्थानिक भूल दिली तरी तपासणीच्या वेळचा त्रास थोडा अधिक जाणवू शकतो. त्वचा आणि ग्रंथीलगतचा भाग अशा दोन्ही पातळ्यांवर नीट बधिरीकरण करणे येथे निर्णायक ठरते.

न झालेली बायोप्सी दुखत नाही

पीएसए वाढण्याचे कारण कर्करोगच असते असे नाही. वयानुसार होणारी ग्रंथीची साधी वाढ आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळेही ते वाढते. संसर्ग असल्यास त्यावर उपचार करून पीएसए पुन्हा तपासणे श्रेयस्कर. त्यानंतरही शंका उरल्यास आधी एमआरआय करण्याकडे आता कल आहे. ११ देशांतील ५०० पुरुषांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ चाचणीत एमआरआय गटातील २८ टक्के पुरुषांना बायोप्सीची गरज भासली नाही. शिवाय संशयित जागा नेमकी कळल्याने तेथूनच मोजके तुकडे घेऊनही उपचारयोग्य कर्करोग अधिक प्रमाणात सापडले.

नाशिकमधील रुग्णांसाठी

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये नाशिक येथे झाली. उपचारांसाठीही हे शहर उत्तर महाराष्ट्राचे केंद्र बनले आहे. सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या दूरच्या तालुक्यांतील रुग्ण येथे येतात. बायोप्सीनंतर त्याच दिवशी एसटीने घाटरस्त्याचा प्रवास करणे त्रासाचे ठरतेच. पण मोठा धोका आहे तो तापाचा. बायोप्सीनंतर थंडी वाजून १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास गोळी घेऊन वाट पाहणे घातक ठरू शकते. त्वरित रुग्णालयात दाखल व्हावे लागते. म्हणून शक्य असल्यास पहिली रात्र शहरातील नातेवाइकांकडे काढावी किंवा जवळचे मोठे रुग्णालय कोणते हे आधीच ठरवून ठेवावे. लघवी पूर्ण अडणे अथवा रक्ताच्या गाठी पडणे, हीदेखील धोक्याची लक्षणे होत.

लघवीत किंवा शौचावाटे थोडे रक्त काही दिवस दिसणे आणि वीर्य काही आठवडे तांबूस येणे मात्र अपेक्षित असते. भरपूर पाणी प्यावे, काही दिवस जड वजन उचलू नये व दुचाकी टाळावी. दुखल्यास पॅरासिटामॉल पुरेसे असते. अन्य वेदनाशामके डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

आधी विचारा

तपासणीपूर्वी रुग्णाने डॉक्टरांना पुढील गोष्टी विचाराव्यात : एमआरआयचा उपयोग होईल का? केवळ जेली लावणार की इंजेक्शनही देणार? सुई कोणत्या मार्गाने घालणार? किती तुकडे घेणार? मधुमेह, मूळव्याध, पूर्वीचा जंतुसंसर्ग आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती न विचारताही द्यावी. हृदयात स्टेंट बसविलेल्यांनी अशी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. गनचा आवाज एकदा आधी ऐकवावा, अशी विनंती करण्यातही संकोच नसावा.

‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ हा समज आजही अनेकांना रोखून धरतो. प्रोस्टेटच्या बायोप्सीत असे घडणे अतिशय विरळा आहे. निदान लांबविल्याने होणारी हानी मात्र खरी आहे. सौम्य कर्करोगात तातडीने शस्त्रक्रिया न करता केवळ लक्ष ठेवले जाते आणि त्यासाठी काही काळाने बायोप्सी पुन्हा करावी लागते. पहिल्या वेळी वेदनांनी हैराण झालेला रुग्ण दुसऱ्या वेळी फिरकत नाही. म्हणूनच बधिरीकरणाला रुग्णाचे लाड समजू नये. तो उपचाराचाच भाग आहे आणि तो मागण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.